हिराबाईंचे ७/२४ आणि २०२०चा निकाल: आईच्या वाट्यासाठी कोणता धरायचा?

सांजवर्ग

नमस्कार. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात एलएलबी करते आहे, दुसरं वर्ष. हिंदू कायद्याच्या मूट कोर्टात (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात) माझ्याकडे विधवा आईची बाजू आलीय आणि दोन निकालांच्या कात्रीत सापडलेय.

पहिला गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम, सर्वोच्च न्यायालय, १९७८. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, जुनं कलम ६. माणूस वारला की त्याच्या मृत्यूच्या लगेच आधी कुटुंबाची वाटणी झाली होती असं समजायचं आणि त्यातून त्याचा हिस्सा काढायचा. सरन्यायाधीश चंद्रचूड (यशवंतराव, थोरले) म्हणतात, एकदा वाटणी गृहीत धरली की मग कच खायची नाही, खऱ्या वाटणीतून जे जे निघालं असतं ते सगळं शेवटपर्यंत मोजायचं.

दुसरा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. त्यात न्या. अरुण मिश्रा म्हणतात, ही गृहीत वाटणी म्हणजे खरी वाटणी नाहीच. मयताचा हिस्सा किती, एवढं काढण्यापुरती ती. तिने एकत्र कुटुंब मोडत नाही.

२०२०च्या निकालाने प्रकाश विरुद्ध फुलवती (२०१५) उलटवला, दानम्मा प्रकरणाचा निकाल (२०१८) काही अंशी उलटवला. हिराबाईंचा निकाल मात्र उलटवलेला दिसत नाही. मग दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे? आमचे सर म्हणतात, "पुन्हा वाचा." वाचलं. डोकं आणखी गरगरलं.

स्पष्ट बोलतो

यात गरगरण्यासारखं काय आहे? नंतरचा निकाल धरायचा. मुलीला मुलाइतका हक्क, वडील जिवंत असोत वा नसोत. विषय संपला. १९७८चं आता कोण विचारतं?

जुना शिरस्तेदार

विषय एवढ्यात संपत असता तर दिवाणी कोर्टांची दप्तरं कधीच रिकामी झाली असती.

ताई, मी वकील नाही. दिवाणी कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्य हुकूमनामे (निकालावरून काढलेले कोर्टाचे आदेश) लिहिण्यात गेलं. साहेब निकाल देऊन चेंबरमध्ये जातात, त्यातून कोणाला किती हे आकड्यात उतरवायचं काम आमच्या टेबलावर येतं. त्यामुळे निकाल वाचायची माझी रीत उलटी आहे. आधी दाव्यात दाद काय मागितली ते बघायचं, मग शेवटी पदरात काय पडलं ते, आणि मधली पानं सगळ्यात शेवटी. मधल्या पानांवर न्यायमूर्ती पुष्कळ सुंदर बोलतात. पण बंधन येतं ते मागितलेलं आणि मिळालेलं यांना जोडायला जेवढं बोलणं लागलं तेवढ्याचंच.

पेन्सिल घ्या. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) बाजूला ठेवा, ती न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते.

खंडाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला: दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि जंगम मालमत्ता, यात माझे ७/२४. आता हा आकडा आला कुठून? वाटणी गृहीत धरा. नवरा, बायको, दोन मुलगे, चार वाटे. आपल्याकडच्या मिताक्षर (जुन्या हिंदू कायद्याची एक शाखा) रीतीने बायकोला स्वतः वाटणी मागता येत नाही, पण नवरा आणि मुलगे वाटणी करत असतील तर तिला मुलाइतका वाटा द्यावा लागतो. दक्षिणेत तसं देत नाहीत. तर हिराबाईंचा १/४, म्हणजे ६/२४. मग खंडाप्पांचा १/४ त्यांच्या सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. सहा अधिक एक, सात.

मुलगा गुरुपाद याची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) बघा, फार ओळखीची वाटेल. मिळकत एकत्र कुटुंबाची नाही, वडिलांची स्वकष्टार्जित आहे. शिवाय १९५२ आणि १९५४ला वडिलांनी वाटण्या करून टाकल्या होत्या, १९५५ला उरलेल्याची व्यवस्थाही लावली. आता पुन्हा वाटणी कसली? खालच्या कोर्टाने १९६५ला हे सगळं फेटाळलं. मिळकत एकत्र, आधीची वाटणी शाबीत नाही. इथपर्यंत हिराबाई जिंकल्या. आणि मग कोर्टाने त्यांना दिले १/२४.

का, तर मुंबई उच्च न्यायालयाचा शिरमाबाई भीमगोंडा विरुद्ध कलगोंडा हा निकाल तेव्हा तसा होता. गृहीत वाटणी नवऱ्याचा हिस्सा ठरवण्यापुरती, बायकोला तिच्यातून स्वतःचा वाटा नाही. खालचं कोर्ट बांधील होतं, त्याचा इलाज नव्हता. पुढे रंगूबाई लालजी विरुद्ध लक्ष्मण लालजी या प्रकरणात उच्च न्यायालयानेच वेगळं ठरवलं. आणि गंमत अशी की दोन्ही निकाल लिहिणारे एकच, न्या. पटेल. आधीच्या वेळी सगळ्या बाजू विचारात आल्या नव्हत्या असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आपलंच मत बदललं. माझ्या लेखी हे न्यायमूर्ती फार मोठे. १९७५ला उच्च न्यायालयाने हिराबाईंचं अपील मंजूर करून ७/२४ दिले, गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ला हरला.

आता सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता? विधवेचा आकडा १/२४ की ७/२४. एवढाच. १९६० नंतर कुटुंब मोडलं की चालू राहिलं, पुढे कोणी नवा हिस्सेदार त्यात येऊ शकतो का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

२०२०ला प्रश्न निराळा. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखी जन्मजात हिस्सेदार झाली. पण वडील त्याआधीच वारले असतील तर? फुलवतीचा निकाल (२०१५) म्हणत होता, त्या तारखेला वडीलही जिवंत हवेत आणि मुलगीही. २०१८ला दानम्मा प्रकरणात वडील २००१लाच गेलेले, तरी मुलींना भावांइतके हिस्से दिले. दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायमूर्तींची, म्हणून तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. भावांची बाजू होती की वडील वारले त्या क्षणी गृहीत वाटणी होऊन कुटुंब संपलं, आता सहदायक व्हायला उरलंय काय? त्याला उत्तर म्हणून न्या. मिश्रा म्हणाले, ती खरी वाटणी नव्हे.

म्हणजे एकीकडे वाटा किती हा प्रश्न, दुसरीकडे कुटुंब संपलं का हा. दोन्ही निकाल आपापल्या प्रश्नापुरते उभे आहेत. हिराबाईंचा उलटवला नाही, कारण उलटवायची गरज पडली नाही.

सांजवर्ग

शिरस्तेदारकाका, शतशः आभार. सहा अधिक एक सात, हे कोणी वर्गात फळ्यावर लिहिलंच नाही. पण हिराबाईंच्याच कुटुंबाला २०२०चा नियम लावला तर? मी मांडून पाहिलं. मुली सहदायक धरल्या तर नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली, सात वाटे. वडिलांचा १/७ परत सहा जणांत, १/४२. एकूण प्रत्येकी ७/४२, म्हणजे १/६. सगळ्यांना ४/२४. मुली १/२४ वरून ४/२४ वर जातात हे ठीक, पण आई ७/२४ वरून ४/२४ वर येते? माझंच काही चुकतंय का?

जुना शिरस्तेदार

काही चुकत नाही. फारच थोडे लोक हे मांडून बघतात. मुलींचा वाढलेला वाटा भावांच्या एकट्याच्या पानातून वाढला जात नाही, आईच्याही पानातून जातो. दानम्मा प्रकरणात आई, दोन मुलगे, दोन मुली, सगळ्यांना सरसकट १/५ मिळाला तो याच हिशेबाने.

अर्थात खुद्द हिराबाईंचा हुकूमनामा अंतिम झालेला, त्याला आता कोणी हात लावू शकत नाही. हा हिशेब आज चालू असलेल्या दाव्यांना.

गट नंबर

मी कोल्हापूरकडे दिवाणी वकिली करतो. शिरस्तेदारसाहेबांचा हिशेब मान्य, निष्कर्ष मान्य नाही. "दोन वेगळे प्रश्न, दोन्ही निकाल उभे" हे म्हणायला सोपं आहे. पण हिराबाईंना ६/२४ ज्या पायरीवरून मिळाले ती पायरी कोणती? गृहीत वाटणीत बायकोला मिळालेला वाटा खरा समजायचा, तो परत घेता येत नाही, ही. ती काढली तर त्या १/२४ वर येतात. म्हणजे ते वाक्य जाता जाता बोललेलं नाही, निकालाचा पायाच आहे. २०२०चा निकाल म्हणतो की गृहीत वाटणी फक्त मयताचा हिस्सा काढण्यापुरती. शब्दशः घेतलं तर हे पुन्हा शिरमाबाईच! न उलटवता पाया काढून घेतला, असं मी म्हणेन.

आणि ही सीमा आखायला सुरुवात २०२०ला झालेली नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायणराव शामराव देशमुख, १९८५, नक्की वाचा. सीलिंगचं प्रकरण. वडील १९५७ला गेले, मागे मुलगा, विधवा आणि आई. १९६१चा कमाल जमीन धारणा कायदा आला तेव्हा कुटुंबाने हिराबाईंचा निकाल पुढे केला: गृहीत वाटणीने आम्ही तिघं वेगळे झालोय, आम्हाला जमीन ठेवायला तीन युनिटं, म्हणजे तीन वेगळ्या मर्यादा द्या. न्या. वेंकटरामय्या म्हणाले, वाटा ठरला म्हणून बाई आपोआप कुटुंबाबाहेर जात नाही. तिने स्वतः वेगळं व्हायचं ठरवलं पाहिजे. एकच कुटुंब धरलं.

तेव्हा हिराबाईंच्या निकालाचा वापर बाईला वाटा देण्यासाठी झाला तर तो चालतो, आणि सरकारकडून जमीन वाचवायला केला तर चालत नाही. तसं कोणी लिहीत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले की हेच दिसतं.

जुना शिरस्तेदार

वकीलसाहेब, पाया आहे हे कबूल. पण पाया आकड्याचा आहे. आणि एकत्र कुटुंबात आकडा प्रत्यक्ष वाटणी होईपर्यंत पक्का नसतो. नातू जन्मला की कमी, चुलता वारला की जास्त. २०२०च्या निकालातही हेच आहे, म्हणून तर प्राथमिक हुकूमनामा (वाटे ठरवणारा, प्रत्यक्ष वाटप अजून बाकी) झालेला असला तरी अंतिम होईपर्यंत मुलीचा वाटा धरून तो बदलता येतो. २०११च्या गंडुरी कोटेश्वरम्मा निकालापासून हे चालू आहे. मुलीचा वाटा आल्याने आईचा हलला तर त्यात नवं काय?

गट नंबर

जन्ममरणाने हलतो तो सहदायकांचा वाटा. विधवा सहदायक नसते, २००५ नंतरही नाही. तिला १९६०ला जे मिळालं ते वारसाने आणि गृहीत वाटणीने मिळालं, कलम १४ने ती त्याची पूर्ण मालकीण झाली. नंतर कोणी सहदायक झालं म्हणून तिचं कमी कसं होईल? मुलींचा वाटा भावांच्या हिश्श्यातून काढा की!

जुना शिरस्तेदार

हा मुद्दा दमदार आहे. मला पटलेला नाही, कारण दानम्मात १/५ दिले तेव्हा आईचा वेगळा हिशेब कोणी केला नाही. पण तिथे तो कोणी मागितलाही नव्हता, हेही खरं. ताई, तुमची बाजू आईची. वकीलसाहेबांचं हे वाक्य जसंच्या तसं घ्या.

बांधावरून

मधेच घुसतो. आमच्याकडे आजोबा १९९१ला गेले. १९९३ला वडील आणि काका दोघांनी तलाठ्याकडे वर्दी देऊन वाटणी नोंदवली, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले. आत्याचं नाव वारस नोंदीत होतं, वाटणीत नव्हतं. सही घेतली होती की नाही कोणालाच आठवत नाही. आता आत्येभाऊ २०२०चा निकाल घेऊन दारात. मिळेल का त्याला?

स्पष्ट बोलतो

आत्याला विचारा ना तिला पाहिजे का. भाचे लोकच जास्त उड्या मारतात.

गट नंबर

कागद न बघता मिळेल-न मिळेल कोणी सांगणार नाही, सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कुठे बघायचं तेवढं सांगतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला कायद्याने हात लावलेला नाही. पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने झालेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली, असं कलम ६(५)चं स्पष्टीकरण आहे. २०२०च्या निकालाने तोंडी वाटणीला अगदी अपवाद म्हणून, सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, जागा ठेवली. नुसत्या तोंडी पुराव्यावर नाही. वर्दीचा फेरफार त्या जागेत बसतो का, यावरच आज निम्मे दावे लढले जातायत. एकीकडे फेरफाराने मालकी मिळत नाही हे जुनं तत्त्व, दुसरीकडे इतकी वर्षं वेगळे सातबारे, वेगळी वहिवाट, वेगळी सोसायटीची कर्जं. मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, फीसाठी नव्हे, खरंच दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे.

आत्याने नोंदणीकृत हक्कसोड दिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी तो दस्त वाचावा लागतो. आणि तुमच्या बाबतीत आजोबांच्या हिश्श्यातला वारसाचा वाटा आत्याला २००५च्या आधीपासूनच होता, जसा खंडाप्पांच्या मुलींना १/२४ होता. तो वाटणीत तिला दिला का, हे निराळं बघा. २०२०चं नाव ऐकलं की लोक हा जुना वाटा विसरूनच जातात.

जुना शिरस्तेदार

फेरफाराची नुसती नोंद काढू नका, तिच्यामागचा वर्दी अर्ज आणि जबाब मिळतात का बघा. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळाले तर मिळाले. सही की अंगठा, ते तिथे कळेल.

आणि ताई, तुमच्या मूटचा प्रश्न नेमका काय आहे ते तुम्ही अजून सांगितलंच नाही. वडील कधी वारले? मुलं किती? मिळकत कुठे?

सांजवर्ग

सांगते. शेतजमीन लातूर जिल्ह्यात. वडिलांचा मृत्यू २००३. मागे आई, एक मुलगा, एक मुलगी. मी मांडलेला हिशेब असा: हिराबाईंच्या पद्धतीने तीन वाटे, आईचा १/३ अधिक वडिलांच्या १/३ मधला तिसरा भाग १/९, एकूण ४/९. मुलगा ४/९, मुलगी १/९. २०२०च्या पद्धतीने चार वाटे, तिघांनाही शेवटी ३/९. मी आईतर्फे ४/९ मागणार आहे. गट नंबर यांचा मुद्दा घेणार, की २००३ला मिळालेलं २००५च्या दुरुस्तीने जाऊ शकत नाही.

जुना शिरस्तेदार

हिशेब बरोबर. मुलीचं लग्न कधी झालं?

सांजवर्ग

१९९८. ते तर नुसतं पार्श्वभूमीच्या परिच्छेदात आहे. त्याचा काय संबंध?

गट नंबर

प्रश्न काढणाऱ्या सरांना माझा नमस्कार कळवा!

जुना शिरस्तेदार

सगळा संबंध आहे, ताई. केंद्राची दुरुस्ती २००५ची, पण महाराष्ट्राने त्याच्या अकरा वर्षं आधीच हे करून ठेवलं होतं. २२ जून १९९४, कलम २९-अ. आंध्र आणि तमिळनाडूने त्याही आधी, कर्नाटकने आपल्याच वर्षी. मुलगी जन्माने सहदायक, मुलाइतका वाटा. अपवाद फक्त तो कायदा येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींचा आणि त्याआधीच झालेल्या वाटण्यांचा. तुमची मुलगी १९९४ला अविवाहित. म्हणजे २००३ला वडील वारले तेव्हा ती आधीच सहदायक होती. मग हिराबाईंच्याच रीतीने गृहीत वाटणी करा: वडील, आई, मुलगा, मुलगी, चार वाटे. वडिलांचा १/४ तिघांत. सगळ्यांना ३/९.

म्हणजे आईला ४/९ कधी मिळालेच नव्हते. २००५ने काही काढून घेतलं नाही, कारण काढून घ्यायला काही नव्हतं. वकीलसाहेबांचा तो दमदार मुद्दा लग्न १९९४च्या आधीचं असतं तर लागला असता.

सांजवर्ग

अरे देवा. मी दोन आठवडे १९७८ विरुद्ध २०२० करत बसलेय आणि उत्तर १९९४ला आहे? मग माझ्या बाजूला भांडायला उरलं काय? ३/९ तर मुलगीही मान्य करेल.

गट नंबर

मुलगी करेल, मुलगा करेल का? त्याची कैफियत काय आहे?

सांजवर्ग

तो म्हणतो वडील आणि त्याच्यात १९९६ला वाटणी झाली, तलाठ्याकडे वर्दी दिली, फेरफार मंजूर. म्हणून आईला फक्त वडिलांच्या वाट्यातला वारसा.

जुना शिरस्तेदार

गुरुपादची कैफियत! चाळीस वर्षांनी तीच.

तुमचं मूट इथे आहे. १९९६ म्हणजे १९९४ नंतर, मुलगी घरात, अविवाहित, कायद्याने सहदायक, आणि वाटणी दोघांतच. आणि नवरा-मुलगा वाटणी करत असतील तर बायकोला मुलाइतका वाटा द्यावा लागतो, हे हिराबाईंच्या निकालातलं पहिलं पाऊल. तो दिला का? फेरफाराच्या नोंदीत आईचं नाव किती गुंठ्यांपुढे आहे ते प्रश्नपत्रिकेच्या परिशिष्टात शोधा. आणि नसेल, तर नोटीस कोणाकोणाला बजावली ते बघा.